दोन्ही तोंडांचा जोड

तो शर्टाला बटणं लावत नसे. नवा खाकी शर्ट मिळाला की आधी ब्लेडनं सगळी बटणं कापून टाकायचा आणि त्या जागी दोन्ही पट्ट्यांवर पितळेचे सारखेच आकडे शिवून घ्यायचा. आकड्यात आकडा अडकवला की शर्ट बंद, असं त्याचं म्हणणं. प्रत्यक्षात तो शर्ट कधी धड बंद राहिला नाही. हजेरीला उभा राहिला की निम्मी छाती उघडी. साहेब ओरडायचे, आम्ही हसायचो आणि तो शांतपणे सांगायचा की बटण ही मुळातच चुकीची वस्तू आहे. त्यात एक बाजू गाठीची आणि एक भोकाची, आणि घाईत माणसाला बाजू आठवत नाही.

"टिचबटण लाव की मग," असं कुणी म्हटलं तर तो जास्तच बिथरायचा. टिचबटणातही एक नर आणि एक मादी असतेच. सगळ्या जगात ही भानगड करून ठेवली आहे आणि तिच्यापायी माणसं मरतात, असं तो इतक्या गंभीरपणे सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, गडी बायकोशी भांडून आला आहे.

मी तेव्हा परळच्या बाजूच्या एका बंबखान्यात आग विझवणाऱ्या जवानांत होतो. तोही तिथंच. वयानं आणि नोकरीनं माझ्याहून मोठा, मालवणाकडचा, मानेवर एका बाजूला भाजल्याचा जुना डाग. मी गिरगावातला, चार बुकं शिकलेला, म्हणून त्यानं मला आल्या आल्याच हेरलं. त्याला अर्ज लिहून देणारा आणि पैसेवाल्या माणसांसमोर शेजारी बसणारा कोणीतरी हवा होता. मी एकदा हो म्हणालो आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच.

त्याचं वेड समजायला बंबाच्या पाइपाबद्दल थोडं सांगायला हवं. कॅनव्हासच्या त्या पाइपाच्या एका टोकाला नर असतो, दुसऱ्या टोकाला मादी. नर बंबाकडे, मादी आगीकडे. जवान धावत धावत पाइप उलगडतो, एकाला दुसरा जोडतो आणि मग पाणी सुटतं. टोक उलटं पडलं तर जोड बसत नाही, सगळा पाइप फिरवून पुन्हा टाकावा लागतो. कवायतीत असं कधी होत नाही. आगीत होतं. त्याला असा जोड करायचा होता, ज्याची दोन्ही तोंडं सारखी. कुठलंही टोक कुठल्याही टोकाला लावा, दाबा, पाव फेरा द्या, झालं. प्रत्येक तोंडावर दोन आकडे, दोन खाचा, मधे रबराचा वायसर. बंबखान्यात सगळे त्या जोडाला अर्धनारीनटेश्वर म्हणत. त्याचा त्याला राग येत नसे. तो नुसतं 'जोड' म्हणायचा, घरातल्या माणसाचं नाव घ्यावं तसं.

त्या जोडाचं पितळ त्याच्या बायकोच्या कळशीचं होतं. माहेरहून आलेली, नाव घातलेली कळशी त्यानं एके दिवशी ओतकाम करणाऱ्याकडे नेऊन वितळवली. वहिनी माहेरच्या गणपतीला गेल्या होत्या. परत आल्यावर मोरीत कळशी दिसेना, तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. नंतर लाइनीतल्या बायकांना म्हणाल्या की आमच्या घरात सवत आली आहे आणि ती माझ्याच पितळेची आहे. बंबखान्याच्या वरच्या मजल्यांवर आमची बिऱ्हाडं असत, त्यांना आम्ही लाइन म्हणायचो. लाइनीत बोललेलं सगळं खाली यायचं, तसं हेही आलं.

कुणाच्याही घरी गेला की तो आधी कडी-कोयंडा बघायचा. डब्याची झाकणं उघडून लावून बघायचा, छत्रीची खिट्टी, पाकिटाचा चाप, लहान मुलाच्या चड्डीची नाडीसुद्धा. माझ्या लग्नात अंतरपाट धरला असताना हा माझ्या चुलत्याच्या कानाशी लागून म्हणाला की बघा, इथंही कोण कुठल्या बाजूला उभं राहायचं ते आधी ठरवावंच लागतं. चुलते शाळामास्तर. त्यांनी मला नंतर विचारलं की हे गृहस्थ तुझ्या नोकरीत नेमकं काय करतात.

दुपारच्या वेळी काम नसलं की तो अंगणात टॉवेल डोळ्यांवर घट्ट बांधून बसायचा आणि जोड लावायचा, सोडायचा, लावायचा. जोड नीट बसला की आतून टक्‌ असा बारीक आवाज यायचा. तो आवाज ऐकण्यासाठी तो सगळ्यांना गप्प करायचा. पत्ते खेळणारेही थांबायचे. मग टॉवेल सोडून आमच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "आला का?" आम्ही म्हणायचो, आला. मग पुन्हा पत्ते सुरू.

हे सगळं मला नुसतं विक्षिप्तपणाचं वाटायचं. मग एकदा आमच्या जुन्या ड्रायव्हरनं मला बाजूला घेऊन सांगितलं.

मी नोकरीला लागण्याच्या आधीची गोष्ट. काळाचौकीकडे कापसाच्या गोदामाला आग लागली होती. कापसाची आग दिसत नाही, आतल्या आत जळते आणि धूर एवढा की स्वतःचा हात दिसू नये. त्याचा जोडीदार आत शिरला होता, झोत मारायची नळी हातात घेऊन, आणि पाणी येण्याची वाट बघत होता. मागून पाइप टाकणारा हा. ह्यानं पाइप उलटा टाकला. बंबाजवळ आला तर हातात मादी. पुन्हा धावत गेला, पाइप फिरवला, परत आला, जोडला, पाणी सुटलं. तेवढ्यात आतल्या बाजूला गासड्यांची थप्पी कोसळली होती. जोडीदार तिच्याखाली मेला. त्याला बाहेर काढताना ह्याची मान भाजली. चौकशीत कुणी त्याला दोष दिला नाही. धुरात असं होतं, असंच सगळे म्हणाले, साहेबसुद्धा. त्यालाच ते पटलं नाही.

हे कळल्यावर मी त्याच्या शर्टावर हसायचं सोडलं. त्याच्या ते लगेच लक्षात आलं आणि त्याला आवडलं नाही.

"तुला ड्रायव्हरनं सांगितलं वाटतं," तो म्हणाला. "सांगू दे. पण एक ध्यानात ठेव. मी शहाणा जवान होतो. माझ्याकडून उलटा पडला म्हणजे कुणाकडूनही पडेल. उद्या मी आत असेन आणि मागून तू येशील."

त्याला फक्त एवढंच हवं होतं, की आत उभ्या असलेल्या माणसाला टोक उलटं पडलं म्हणून पाण्याची वाट बघायला लागू नये. बाकी नाव, बढती, पैसा यातलं काही त्याला सुचतही नव्हतं. पण एक जोड करून भागणार नव्हतं. साहेबांनी त्याला ते चांगल्या शब्दांत समजावलं होतं. शहरातला एक पाइप बदलून काही उपयोग नाही, बदलायचे तर सगळे बदलायला हवेत, सगळे बंब, रस्त्यातले सगळे नळ. त्यासाठी आधी कुणीतरी एका बंबापुरता पुरेसा माल करून द्यायला हवा, तो वापरून बघायला हवा, मग वर लिहिता येईल. तेव्हा भांडवल घालणारा माणूस आण, असं साहेब म्हणाले. आम्ही माणूस शोधायला लागलो.

ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची. गिरणगावात भिंत दिसायची नाही इतकी पोस्टरं, रोज सभा, रोज मोर्चा, हरताळ. आमची घंटा दिवसभर वाजायची. कुठं ट्रामला आग, कुठं दुकानाला, कुठं नुसतेच रस्त्यात जाळलेले टायर. आमच्याच चाळींतली पोरं लांबून बंबावर दगड मारायची आणि जवळ गेलं की ओळखून म्हणायची, अरे, हे आपले. मनानं आम्ही सगळे त्यांच्याच बाजूचे होतो. पण भांडवल मागायला ह्याच्याइतका वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता.

गिरगावात आमच्या ओळखीचे एक काढे-आसवांचे कारखानदार होते. मराठी माणसानं धंद्यात पडावं यावर ते गणेशोत्सवात व्याख्यान द्यायचे. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी जोड हातात घेतला, फिरवला, लावला, सोडला, खरोखर खूष झाले. चहा आला, पोहे आले. मग म्हणाले, की असला माल मराठी माणसाच्याच हातून व्हायला हवा, पण आता नाही. मुंबई आपली होऊ दे. एकदा आपलं राज्य आलं की बघा.

काळबादेवीला एक शेट होते, कापसाचे व्यापारी. त्यांची काळाचौकीकडे गोदामं होती, म्हणून हा हट्टानं तिथं गेला. त्यांनीही जोड फिरवला, लावला, सोडला. चहा आला, गाठिया आले. आणि शेट सौम्यपणे म्हणाले, की भाई, चीज चांगली आहे, पण मुंबई कुणाची होते ते आधी कळू दे. आज पैसा कुठं घालायचा, उद्या कुणाच्या राज्यात राहायचं, काही समजत नाही.

खाली रस्त्यावर आल्यावर मला हसू फुटलं. त्याला फुटलं नाही. तो म्हणाला, की दोघंही बरोबर बोलतात, पण आग काही थांबत नाही. मग तो मला न सांगता नाक्यावरच्या समितीच्या कचेरीत शिरला. तिथं पोरं खळ लावून पोस्टरं डकवायच्या तयारीत होती. त्यांच्यातल्या पुढाऱ्यासमोर ह्यानं जोड ठेवला. तो पोरगा बिचारा चांगला होता. हात जोडून म्हणाला, दादा, आधी महाराष्ट्र, मग पाइप. ह्यानंही हात जोडले आणि खळीची बालदी उचलून एका पोस्टराला हात लावू लागला. तो दिवस त्यानं तिथंच काढला.

त्याच दिवसांत एकदा गोळीबारानंतर आम्हाला एका नाक्यावर बोलावलं. आग नव्हती. रस्ता धुवायचा होता. माणसं उचलून नेली होती, चपला तेवढ्या राहिल्या होत्या. आम्ही कोणी कुणाकडे बघत नव्हतो. त्यानं पाइप टाकला आणि तो नेमका उलटा पडला. मी फिरवायला धावलो तर त्यानं मला थांबवलं. म्हणाला, "हळू कर. आज कोण वाट बघत नाही." मग तो खाली वाकून एकेक चप्पल बाजूला फुटपाथवर मांडत गेला, जोडीला जोड लावून. एक चप्पल उरली तर तिची दुसरी शोधत बराच वेळ फिरला. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ह्या माणसाचं काही भलं होणार नाही.

वहिनींबद्दल सांगायला हवं. त्या अबोल, उंच, कष्टाळू. त्यांची मुलं राहिली नव्हती. जन्मली आणि गेली. लाइनीतल्या बायका तोंडावर गोड बोलायच्या, पण कुणाचं डोहाळजेवण असलं, बारसं असलं की वहिनींना बोलावणं नसायचं, किंवा सगळं आटोपल्यावर असायचं. त्यांनाही ते माहीत होतं. म्हणून त्या आपण होऊनच घरात राहायच्या. सणाच्या दिवशी सगळ्या लाइनीतल्या बायका खाली उतरून बंबांची पूजा करायच्या तेव्हा वहिनी जिन्याच्या वरच्या वळणावर उभ्या राहून बघायच्या. जोडाचं तर त्या तोंडही बघत नसत. तो घरात ठेवला की त्याच्यावर फडकं टाकायच्या.

शेट आपण होऊन परत आले ते एका दंग्यात त्यांच्या गोदामाच्या दारापर्यंत आग आली तेव्हा. गोदाम वाचलं. आमचाच बंब गेला होता आणि शेटनी ह्याला पाइप टाकताना बघितलं होतं. चार दिवसांनी त्यांचा मुनीम बंबखान्यात आला. शेट पैसा घालायला तयार होते, मुंबई कुणाचीही होवो. फक्त एकदा जोड पाण्याच्या पूर्ण दाबाखाली चालताना बघायचा होता, आणि तो दसऱ्याच्या सकाळी, चांगल्या मुहूर्तावर. साहेबांनी परवानगी दिली. आम्ही सगळे हवेत होतो. त्यानं तर दाढी दिवसातून कितीदा केली कोण जाणे.

दसऱ्याला बंबखाना सजतो. सगळे बंब धुऊन पुसून ओळीत, त्यांच्या कपाळावर झेंडूच्या माळा, शिड्या, कुऱ्हाडी, पितळी टोप, सगळं मांडून ठेवलेलं. त्या ओळीच्या शेवटी पाटावर लाल कापड टाकून जोड ठेवला होता. साहेबांच्या बायकोला लाइनीतल्या बायकांचा तो प्रकार ठाऊक होता. भल्या बाई. त्यांनी वर माणूस पाठवून वहिनींना बोलावलं, की तुमच्या घरातली वस्तू आहे, तुम्हीच पूजा करा. वहिनी खाली आल्या. हातात तबक, नेसण ठेवणीतली. सगळ्या बायका बाजूला झाल्या. वहिनींनी जोडाच्या दोन्ही तोंडांना हळद-कुंकू लावलं, ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता वाहिल्या, फूल ठेवलं आणि हात जोडून बराच वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या. हा बाजूला उभा होता. एरवी जोडावर माशी बसली तर त्याला खपायचं नाही. त्या वेळी तो नुसता त्यांच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी मान फिरवली.

शेट आले, मुनीम आला. जोड लावायचा म्हणजे आधी पुसायला हवा. त्यानं खिशातून स्वच्छ फडकं काढलं, फूल बाजूला केलं आणि हात थांबला. वहिनी जिन्यावर जाऊन उभ्या होत्या, इकडेच बघत. बायकोच्या देखत तिनं लावलेलं कुंकू खसाखसा पुसून टाकायचं, तेही सणाच्या दिवशी, सगळ्या लाइनीसमोर. आमच्यातल्या कुणाच्यानंही ते झालं नसतं. त्यानं फडकं नुसतं वरवर फिरवलं. कुंकू तसंच राहिलं.

पाइप पसरले. जोड त्यानं स्वतःच लावला. दाबला, पाव फेरा दिला. शेजारच्या गिरणीच्या फाटकाशी पूजेचा ताशा चालू होता, आणि आज गप्प बसा म्हणायला तो विसरला. टक्‌ आला की नाही कुणालाच ऐकू आलं नाही. त्यानं हात वर केला, ड्रायव्हरनं पाणी सोडलं. सुरुवातीला सगळं ठीक. पाइप फुगला, पाणी पुढं गेलं, शेट मान हलवायला लागले. दाब वाढवला आणि जोड सुटला. पाइपाचं टोक उसळून बंबाच्या दिव्यावर आदळलं, काच फुटली, शेट आणि मुनीम नखशिखान्त भिजले. बायका ओरडत मागं सरल्या. पाणी बंद झाल्यावर अंगणात झेंडूची फुलं तरंगत होती.

शेट रागावले नाहीत, हे मला आजही सांगावंसं वाटतं. टोपी काढून त्यांनी पिळली आणि विचारलं, की काय झालं, काही अडकलं का? अडकलं असेल तर काढ, पुन्हा बघू. मी थांबतो.

तो गुडघ्यावर बसून जोड बघत होता. मी त्याच्या शेजारी होतो म्हणून मला दिसलं. एका खाचेच्या तळाशी तांदळाचा दाणा होता, कुंकवानं लाल, दाबानं चिरडलेला. त्याच्यामुळे आकडा पुरता बसला नव्हता. नखानं तो काढला की काम झालं असतं. त्यानं नखानं तो काढलाही. मग जिन्याकडे बघितलं. वहिनी कठडा धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या बाजूला सगळ्या बायका. त्यानं तो दाणा तोंडात टाकला, गिळला आणि उभा राहिला.

"काही अडकलं नाही, शेट," तो म्हणाला. "आखणीच चुकलीय. माझी चूक आहे."

शेटनी पुन्हा विचारलं, नीट बघितलंस का म्हणून. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. शेटनी पिळलेली टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाले, खरं बोलणारा माणूस आहेस, आणि ओल्या कपड्यांनी निघून गेले. व्यापारी माणूस. आखणी चुकलेल्या मालात पैसा कोण घालणार.

दुपारी आम्ही ओले पाइप वाळत घालत होतो तेव्हा मला राहवलं नाही. मी त्याला म्हटलं, एक शब्द बोलायचा होतास. शेट थांबायला तयार होते.

तो पाइपाचं टोक दोरीला बांधत म्हणाला, "काय सांगू? हिच्या अक्षतेनं बिघडलं म्हणून सांगू? कधी नव्हे ती खाली आली होती. लाइनीतल्या बायकांनी जन्मभर तिला सोडलं नसतं."

"मग तुझं तू खाच रुंद कर. दुसरा माणूस बघू."

"आगीत तांदूळ नसतो, राख असते," तो म्हणाला. "एका दाण्यानं अडतो, तो राखेत काय चालणार? आणि आता खाच रुंद केली, तर हिला कळेल ना, काय अडकलं होतं ते."

मी पुष्कळ वाद घातला. राखेत चालेल असा जोड करणं त्याला अवघड नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. पण तो माणूस त्या अंगणातच विझला होता. त्यानंतर त्यानं टॉवेल डोळ्यांना बांधला नाही. शर्टाला बटणं आली. कुणाच्या घरी गेला की नुसता खुर्चीवर बसायचा. हजेरीला साहेब त्याच्या बंद छातीकडे बघायचे आणि ओरडायला काही नसल्यामुळे त्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मला तर त्या बटणांचा राग यायचा.

पुढं मुंबईसह महाराष्ट्र झाला. लालबाग-परळात घराघरांवर दिवे, रस्त्यात गुलाल. आम्ही बंबावर उभे राहून नुसते हात हलवत होतो. त्यानंही हलवला. काही दिवसांनी गिरगावातल्या काढेवाल्यांनी मला वाटेत गाठलं. मला वाटलं होतं, विसरले असतील. पण विसरले नव्हते. म्हणाले, आता आपलं राज्य आलं, त्या गृहस्थांना घेऊन या, मी शब्द दिला होता. मी धावत जाऊन त्याला सांगितलं. तो मोजे वाळत घालत होता. त्यांना नमस्कार सांग म्हणाला, आणि दुसरा मोजा झटकला. मी त्याच्यावर खूप संतापलो. इतकी वर्षं ज्याच्यासाठी दारोदार फिरवलंस ते दार उघडलं तर आत जात नाहीस, असं काय काय बोललो.

नोकरी संपल्यावर तो शीव स्टेशनकडे एका खोलीत राहायला गेला. मी अधूनमधून जायचो. बोलायला विशेष काही नसायचं. जोडाचं नाव दोघंही काढत नव्हतो. बंबखान्यात पाइप होते तसेच राहिले, नर एका टोकाला, मादी दुसऱ्या. आमच्या एका तरण्या जवानाला गोदीकडच्या आगीत पाण्याची वाट बघावी लागली आणि त्याचे दोन्ही हात गेले, ही बातमी त्याला कुणी दिली कोण जाणे. मी भेटायला गेलो तर हा भिंतीकडे तोंड करून निजलेला. पाइप उलटा पडला होता का, एवढंच त्यानं विचारलं. मी हो म्हणालो.

तो गेला तेव्हा मी गावाला होतो. उशिरा भेटायला गेलो. खोलीत वहिनी एकट्याच होत्या. मी नेहमीचं बोललो, काय झालं, कसं झालं. त्या उत्तरं देत होत्या. मग त्यांनी मला विचारलं.

"भावजी, तो तांदूळ माझोच होतो मा?"

मी म्हटलं, कुठला तांदूळ.

"दसऱ्याचो. ह्यांनी तोंडात टाकल्यानी. मी जिन्यार उभी होतंय. मी बघलंय."

आखणी चुकली होती वहिनी, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी ते ऐकलंच नाही.

"तेव्हापासून वाट बघतंय," त्या म्हणाल्या. "आज बोलतील, उद्या बोलतील. आपण होऊन कसा इचारू? त्यांनी माझी लाज राखली, ती मीच कशी उघडी करू? एकदा वरडले असते माझ्यावर, तर मी पायावर डोकं ठेवून रडले असते. आणि मीच सांगितलं असतं, दुसरो जोड करा."

त्या उठून चहा टाकायला गेल्या. मी तिथंच बसून राहिलो. मला रडू आवरेना आणि त्यांच्यासमोर रडताही येईना.